इंजिन ऑइलची निवड : डब्यावरचे आकडे आणि अक्षरे

(ट्रॅक्टर व शेती यंत्रांची निगा या विषयावरील प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती लागते, भरलेली ट्रॉली चढावर ओढतो की नाही, गावात कोणाकडे आहे, त्याचा अनुभव काय, हे सारे विचारून मगच पैसे मोजतो. त्याच ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल घेताना मात्र दुकानात जाऊन एवढेच म्हणतो, "एक डबा ऑइल द्या." दुकानदार विचारतो, "कोणतं देऊ?" आणि आपले उत्तर ठरलेले असते, "चांगलं जाड द्या."

हे 'चांगलं जाड' आपल्याला महागात पडते. ऑइलच्या एका डब्याचा खर्च आणि इंजिन उघडून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलण्याचा खर्च यांची तुलना आपण स्वतःच करावी. शिवाय इंजिन उघडावे लागते ते नेमके हंगामात. पेरणीची वाफसा गेलेली असते, ट्रॅक्टर मिस्त्रीच्या शेडमध्ये सुटा पडलेला असतो आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज ऑइलच्या डब्यावर काय लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय आणि आपल्या इंजिनाला, आपल्या कामाला कोणते ऑइल योग्य, हे जरा सविस्तर पाहू.

ऑइलचे काम काय?

इंजिनात क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट साधारणपणे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी, बऱ्याचदा त्याहूनही कमी असते. या फटीत ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगतो. थर शाबूत असेपर्यंत धातूला धातू लागत नाही. ऑइल फार पातळ झाले तर थर तुटतो. पण ऑइल फार दाट असेल तर ते त्या फटीपर्यंत वेळेवर पोचतच नाही, आणि हा दुसरा धोका आपण लक्षात घेत नाही.

वंगणाखेरीज ऑइलला आणखी कामे असतात. पिस्टनची उष्णता ते खाली वाहून आणते, काजळी धुऊन काढते, रिंगा आणि लायनर यांच्यामधली फट बुजवते आणि डिझेल जळताना तयार होणारे आम्ल मारते. ही कामे नुसत्या दाटपणामुळे होत नाहीत. त्यासाठी कारखान्यात ऑइलमध्ये निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. दाटपणा ही एक गोष्ट आणि प्रत ही दुसरी, हे पक्के ध्यानात ठेवावे. डब्यावर या दोन गोष्टींसाठी दोन निराळ्या खुणा असतात. आकडे दाटपणा सांगतात आणि अक्षरे प्रत सांगतात. आपण आकड्यांवर वाद घालतो आणि अक्षरे वाचतच नाही.

गेजचा काटा वर, म्हणजे सर्व ठीक?

जाड ऑइल टाकले की ऑइल प्रेशरचा काटा वर चढतो, आणि शेतकऱ्याला वाटते की इंजिन सुधारले. इथे थोडा विचार करावा. ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर पंपाजवळच्या गेजवर दाब वाढतो, पण झाडाला पाणी जास्त मिळते का? उलट कमी मिळते. इंजिनातही तसेच आहे. दाब म्हणजे अडथळा, प्रवाह नव्हे. दाट ऑइल अरुंद वाटांतून जाताना अडते, म्हणून काटा वर जातो. पंपावरची दाब सोडणारी झडप उघडते आणि बरेचसे ऑइल बेअरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये पडते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ऑइल फिल्टरलाही एक आडवाट दिलेली असते. थंड, दाट ऑइल फिल्टरच्या कागदातून पुरेसे जाऊ शकले नाही, तर ही आडवाट उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. बेअरिंग कोरडे राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पण गरजेपेक्षा दाट ऑइल वापरले, तर सकाळी इंजिन चालू केल्यावर बराच वेळ न गाळलेले, कचरा-काजळीचे ऑइल बेअरिंगमध्ये फिरत राहते. फिल्टर नवा आणि अस्सल घेतला तरी त्याचा उपयोग तेवढा वेळ होत नाही.

आकडे कसे वाचावेत?

डब्यावर इंग्रजीत एस-ए-ई ही तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. ही अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेची प्रतवारी असून तिची सुरुवात १९११ मध्ये झाली. पुढे तिच्यात अनेकदा सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली. ऑइल ठराविक तापमानाला किती दाट आहे, म्हणजे शास्त्रीय भाषेत त्याची श्यानता किती, एवढेच हे आकडे सांगतात.

नुसता ३०, ४० किंवा ५० असा एकच आकडा असेल तर ते एकेरी ग्रेडचे ऑइल. हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा असतो, कारण चालत्या इंजिनात ऑइल साधारण तेवढे गरम होते. ४० ग्रेडच्या ऑइलची श्यानता १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या दरम्यान असावी लागते. ३० ग्रेडची त्याहून कमी आणि ५० ग्रेडची त्याहून जास्त असते.

१५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे दोन आकडे असतील तर ते बहुग्रेडचे, म्हणजे मल्टिग्रेड ऑइल. 'डब्ल्यू' हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर आहे. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत ऑइल कितपत वाहते ते सांगतो. हा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत जास्त सहज वाहते. पुढचा आकडा मात्र तोच, १०० अंशांचा. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि एकेरी ४० ही दोन्ही ऑइले गरम इंजिनात एकाच पट्ट्यातली असतात. फरक आहे तो थंड असताना.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दुकानात आपण ऑइल बोटावर घेतो, दोन बोटांत चोळतो आणि म्हणतो, "हे पंधरावालं पातळ आहे, दुसरं दाखवा." पण दुकानात ऑइल ३० अंशांना असते, इंजिनात १०० अंशांना. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक आणि १०० अंशांना सुमारे १४ सेंटिस्टोक असते, म्हणजे जवळजवळ आठपट पातळ होते. बोटांना जे कळते त्याचा चालत्या इंजिनाशी काही संबंध नाही. मल्टिग्रेड ऑइलमध्ये अशी लांबलचक रेणूंची द्रव्ये असतात, जी थंडीत गोळा होऊन बसतात आणि उष्णतेने पसरतात. त्यामुळे ऑइल गरम झाले तरी प्रमाणाबाहेर पातळ होत नाही. इंजिनात घुसळून घुसळून ही द्रव्ये हळूहळू तुटतात. ऑइल वेळेवर बदलायचे, त्याचे एक कारण हेही आहे.

आपल्या भागात, आपल्या कामाला

आता आपण विचाराल की महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग हिवाळ्याच्या आकड्याशी आपल्याला काय करायचे? प्रश्न रास्त आहे. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी शून्याखाली २० अंशांना आणि २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांना घेतात. एवढी थंडी आपल्याकडे कुठेच नाही. म्हणून पुस्तिकेत दोन्ही चालतात असे लिहिले असेल, तर १५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-४० यावर आपल्या हवेत फार डोके शिणवू नये. मात्र एकेरी ४० आणि मल्टिग्रेड ४० यांच्यात फरक निश्चित पडतो, आणि तो कामाप्रमाणे कमी-जास्त असतो.

नाशिक भागातील द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची रांग लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसरात पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि त्याच वेळी लहान ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेत जायचे असते. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमधले सगळे ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते. स्टार्टर मारल्यापासून वरच्या रॉकरपर्यंत ऑइल पोचेतो जे सेकंद जातात, त्यात इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते. एकेरी ४० ऑइल अशा थंडीत काकवीसारखे चालते, बॅटरीवर ताण येतो तो वेगळाच. या बागायतदाराने मल्टिग्रेडच वापरावे आणि शक्यतो १५डब्ल्यू घ्यावे. इंजिन सुरू केल्यावर लगेच थ्रॉटल ओढून ब्लोअर चालू करू नये. मिनिटभर हळू चालू द्यावे, दोरी-नोझल तोपर्यंत पाहून घ्यावीत.

याउलट विदर्भातील कापूस उत्पादक. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या उन्हात खोल नांगरट चालते आणि मनात येते की एवढ्या उन्हाळ्यात ५० ग्रेडचे ऑइल टाकावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट आणि रेडिएटर तापमान ठराविक मर्यादेत ठेवतात. बाहेर २५ अंश असोत की ४५, इंजिन नीट असेल तर आतल्या ऑइलचे तापमान त्या प्रमाणात वाढत नाही. ते वाढते केव्हा? रेडिएटरच्या पात्यांत भुसा आणि धूळ बसली, पंख्याचा पट्टा ढिला झाला किंवा पाण्यात क्षार साचले की. मळणीयंत्रावर चालवलेला ट्रॅक्टर तर हमखास भुशाने गच्च होतो. तेव्हा उन्हाळ्यात ऑइल जाड करण्याऐवजी रेडिएटर साफ करावा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे मात्र वेगळे असते. तिथे बाहेरच्या उन्हाचा परिणाम थेट होतो आणि काही उत्पादक उन्हाळ्यासाठी वरची ग्रेड सांगतात. पुस्तिकेत तसा तक्ता असतो, तो पाहावा.

ऊस वाहतूक करणाऱ्यांनी आकड्यांपेक्षा तासांकडे जास्त लक्ष द्यावे. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा भार घेऊन ट्रॅक्टर रोज दहा-बारा तास पूर्ण ताकदीवर चालतो, आणि कारखान्याच्या रांगेत तासन् तास चालूच उभा असतो. रांगेत उभ्या ट्रॅक्टरच्या तासांत चाके फिरत नसली तरी ऑइल खराब होतच असते. हळू चालणाऱ्या थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, काजळी आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. रांग मोठी असेल तर इंजिन बंद करावे.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट अजून निराळी. वीज आली तरी भारनियमनाच्या भागात ही इंजिने आजही कामाला येतात. यांतील बऱ्याच इंजिनांना पंपाचेच पाणी थंड करण्यासाठी सोडतात आणि पाणी भरपूर सोडले म्हणजे बरे, अशी समजूत असते. त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा थंड राहते. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी साधारण ६० ते ७० अंश असावे. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळते, लायनरवर आम्ल धरते, ऑइलचा चिखल होतो. अशा इंजिनात जास्त जाड ऑइल घातले तर दुखण्यात भर पडते, कारण काही जुन्या प्रकारांत पंप नसून कनेक्टिंग रॉडच्या पळीने ऑइल उडवले जाते आणि दाट ऑइल नीट उडत नाही. अशा इंजिनांना पुस्तिकेत एकेरी ३० किंवा ४० सांगितलेले असेल तर तेच वापरण्यास काही हरकत नाही.

अक्षरे : खरी प्रत इथे कळते

आकड्यांच्या जवळच ए-पी-आय अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ असे काहीतरी लिहिलेले असते. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची ही प्रतवारी आहे. पहिले अक्षर 'सी' असेल तर ऑइल डिझेल इंजिनासाठी आणि 'एस' असेल तर पेट्रोल इंजिनासाठी. काही डब्यांवर दोन्ही असतात. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितकी प्रत नवी आणि काजळी, आम्ल, उष्णता सोसण्याची ताकद जास्त. सीएफ-४ ही प्रत १९९० ची, सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची आणि सीके-४ २०१६ ची. सीसी, सीडी या त्याहून जुन्या प्रती असून अमेरिकेत त्या केव्हाच कालबाह्य ठरल्या आहेत. सीएफ-४ ही आता त्याच यादीत गेली आहे.

पुस्तिकेत सीएफ-४ सांगितले असेल आणि आपण सीएच-४ किंवा सीआय-४ घेतले तर चालते. पुस्तिकेत सीआय-४ सांगितले असताना स्वस्त मिळते म्हणून सीडी किंवा सीएफ टाकणे मात्र चुकीचे. विशेषतः टर्बो असलेल्या ट्रॅक्टरमध्ये. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो केवळ ऑइलच्या थरावर टिकतो. जुन्या प्रतीचे ऑइल तिथल्या उष्णतेने करपते, बारीक वाटा बुजतात आणि टर्बो बसतो. याच कारणासाठी भाराचे काम थांबवल्यावर टर्बोचा ट्रॅक्टर लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे हळू चालू ठेवावा.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरधारकांसाठी एक सूचना. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले. यांपैकी ज्यांना धुरातील काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला आहे, त्यांना कमी राखेचे ऑइल लागते. नेहमीचे ऑइल जळून उरणारी राख त्या महागड्या फिल्टरमध्ये साचते. इथे गावातल्या मिस्त्रीचा सल्ला न घेता पुस्तिकेत लिहिलेली प्रतच वापरावी.

माझे मत विचाराल तर ज्याची पुस्तिका हरवली आहे, ट्रॅक्टर साधा, ३० ते ५० अश्वशक्तीचा आणि असा फिल्टर नसलेला आहे, त्याने १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ हे ऑइल डोळे झाकून घ्यावे. पण पुस्तिका कंपनीच्या विक्रेत्याकडे मागितली तर मिळते, तेवढे कष्ट अवश्य घ्यावेत.

काळे ऑइल, दुधाळ ऑइल, वाढलेले ऑइल

ऑइल बदलून चार दिवस होत नाहीत तोच काळे झाले, म्हणजे ऑइल बोगस, अशी तक्रार नेहमी येते. डिझेल इंजिनात चांगले ऑइल लवकरच काळे होते. ते काजळी धुऊन स्वतःत तरंगती ठेवते, तिला खाली गाळ होऊन बसू देत नाही. जे ऑइल शंभर तास चालूनही लख्ख राहते, त्याचाच संशय घ्यावा, कारण मग काजळी इंजिनातच कुठेतरी चिकटून बसलेली असते.

रंगापेक्षा तास मोजावेत. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बऱ्याच कंपन्या ५० तासांनी बदलायला सांगतात, पुढे अनेक ट्रॅक्टरना २५० तासांची मुदत असते. काहींची कमी, काहींची जास्त असते. अवर मीटर बंद असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, त्याचा खर्च किरकोळ आहे. काम कमी असेल आणि तास भरत नसतील तरी वर्षातून एकदा ऑइल आणि त्याबरोबर फिल्टर बदलावा. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये दमटपणा शिरतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे डिझेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग इतके थोडे असते. पूर्वी हे प्रमाण टक्क्यांत मोजावे लागे. गंधक कमी झाल्याने ऑइलमध्ये आम्ल कमी तयार होते, हे खरे. म्हणून काही जण म्हणतात की आता ऑइल दुप्पट दिवस चालते. आम्ल कमी झाले तरी काजळी, धूळ आणि डिझेलची गळती तशीच आहे. तेव्हा मुदत स्वतःच्या मनाने वाढवू नये.

डिपस्टिक रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्या वर भरल्यास क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस येतो आणि सील गळू लागतात. ऑइल न टाकता पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. आत डिझेल किंवा पाणी उतरत आहे असे समजावे. डिझेलचा वास आला, ऑइल पातळ लागले तर फीड पंप किंवा नोझल तपासावे. ऑइल ताकासारखे दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे, अशा वेळी इंजिन चालूच करू नये.

धुळीबद्दल इतकेच सांगतो की ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर त्या वाटीत चिखल साचू देऊ नये. तिथेही इंजिनाचेच ऑइल खुणेपर्यंत भरायचे असते. एअर क्लीनरमधून धूळ आत गेली तर जगातले कोणतेही ऑइल लायनर वाचवू शकत नाही.

इंजिन जुने झाले असेल तर?

जुने इंजिन ऑइल खाऊ लागते, निळसर धूर येतो. तेव्हा मिस्त्री २०डब्ल्यू-५० टाकायला सांगतो. त्याचे सांगणे अगदीच चूक नाही. झिजलेल्या रिंगांच्या मोठ्या फटीत थोडे दाट ऑइल कमी जळते आणि हंगाम निभावून जातो. पुस्तिकेत परवानगी असेल तर एक ग्रेड वर जाण्यास हरकत नाही. पण हा उपाय हंगाम काढण्यापुरता आहे, झीज त्याने भरून येत नाही. गिअर ऑइल मिसळणे, बाजारात मिळणारी घट्ट करणारी औषधे ओतणे हे प्रकार मात्र करू नयेत. निळा धूर सतत येत असेल, इंजिन ताकद देत नसेल तर हंगाम संपताच कॉम्प्रेशन तपासून काम काढून घ्यावे. काळ्या धुराचा ऑइलशी संबंध नसतो, तो डिझेल जास्त किंवा हवा कमी पडल्याचा असतो.

गिअर ऑइलचा उल्लेख झालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. गिअर ऑइलवर ९० आकडा असतो म्हणून ते इंजिनाच्या ४० पेक्षा दुपटीने दाट, असे वाटते. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० चे गिअर ऑइल गरम असताना इंजिनाच्या ४० ते ५० ग्रेडच्या आसपासच असते. त्यातली द्रव्ये मात्र निराळी असतात आणि ती इंजिनाला बाधतात. तसेच ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरमध्ये कंपनीने सांगितलेले खास ऑइलच भरावे, नाहीतर ब्रेक किंचाळतात आणि घसरतात.

लहान यंत्रे

पॉवर वीडर, ब्रश कटर, फवारणी यंत्रे आता घरोघर आली आहेत आणि सर्वांत जास्त इंजिने इथेच जळतात. आधी यंत्र दोन स्ट्रोकचे की चार स्ट्रोकचे ते पाहावे. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला चेंबर नसते, त्यात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलि, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि. अंदाजाने झाकणभर ओतू नये, मापाची बाटली ठेवावी. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल यात कधीही मिसळू नये.

चार स्ट्रोकच्या पेट्रोल वीडरमध्ये अर्धा-पाऊण लिटरच ऑइल मावते. त्यामुळे थोडे कमी झाले तरी लगेच इंजिन कोरडे पडते. प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी. यांना बहुधा १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते, पहिली बदली २० तासांच्या सुमारास आणि नंतर १०० तासांनी. डिझेल वीडरचे ऑइल अर्थातच वेगळे. मोटारसायकलीत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले ऑइल घ्यावे. मोटारीसाठीचे घसरट ऑइल टाकल्यास क्लच सुटतो.

खरेदी आणि जळके ऑइल

सुटे ऑइल घेऊ नये. सील शाबूत, तयार केल्याची तारीख आणि बॅच क्रमांक असलेला डबा घ्यावा, पक्की पावती घ्यावी. भारतीय मानकांचा क्रमांक आयएस १३६५६ हा इंजिन ऑइलसाठी आहे, तो डब्यावर दिसतो का पाहावे. डबा रिकामा झाला की झाकण आणि डबा दोन्हीला भोके पाडावीत, कारण चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यांना भेसळवाल्यांकडे गिऱ्हाईक असते. दोन कंपन्यांची एकाच ग्रेडची, एकाच प्रतीची ऑइले अडचणीच्या वेळी लिटरभर मिसळली तर बिघडत नाही, पण ती सवय लावू नये.

ऑइल काढताना इंजिन गरम असावे, म्हणजे गाळ ऑइलबरोबर निघून येतो. हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी. निघालेले जळके ऑइल आपल्याकडे बांधावर ओततात, कुंपणाच्या खांबांना लावतात आणि कोणी कोणी जनावरांच्या खुरांना, जखमांनाही चोपडतात. हे शेवटचे अजिबात करू नये. त्यात त्वचेला घातक अशी द्रव्ये आणि धातूचा कीस असतो, खुरासाठी पशुवैद्यकांकडे औषधे आहेत. विहिरीजवळ ओतलेले ऑइल पावसाबरोबर पाण्यात उतरते. जुन्या डब्यात साठवून ते वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला किंवा विक्रेत्याच्या सर्व्हिस केंद्रावर द्यावे.

आपल्यापैकी काहींनी आपापल्या ऑइलचे रिकामे डबे बरोबर आणले आहेत. जेवणानंतर शेडमध्ये ते मांडू, प्रत्येकाच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी आकडे आणि अक्षरे जुळवून पाहू आणि ज्यांची शंका राहिली असेल त्यांनी तिथे विचारावी.